जुना माउथपीस ओळखताना

वादक जातो आणि वाद्य घरात राहते. पुढे कधीतरी ते विकावयास काढले जाते, किंवा नातवंडांपैकी एखाद्याला ते वाजवून पाहण्याची हौस होते आणि माळ्यावरची पेटी खाली उतरते. पेटी सॅक्सोफोनची असेल, तर मोठ्या पितळी वाद्याखेरीज तिच्या एका कप्प्यात काळ्या रंगाची, बोटाहून थोडी लांब, एका टोकाला चोचीसारखी निमुळती होत गेलेली एक नळी सापडते. चोचीवर दातांच्या खुणा असतात, आत पांढरट थर साचलेला असतो आणि अंगावर अर्धवट पुसलेली अक्षरे असतात. हाच त्या वाद्याचा माउथपीस. वाद्याच्या झळाळीपुढे तो इतका क्षुद्र दिसतो, की पुष्कळदा तो टाकून देऊन बाजारातून नवा आणला जातो. मग वाद्य बेसूर बोलू लागते. दुरुस्ती करणारा चाव्यांखालच्या गाद्या बदलतो, स्प्रिंगा बदलतो, तरी सूर जुळत नाहीत. अखेर ‘जुने वाद्य, आता त्यात राम नाही’ असे ठरून ते मोडीच्या भावाने जाते. दोष त्या वाद्यात नसतोच. त्याच्या मापाचे मुख तेवढे हरविलेले असते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी वाद्याची रचना थोडी पाहावी लागेल. बेल्जियममधील दिनां या गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स या कारागिराने सॅक्सोफोन निर्माण केला आणि १८४६ साली पॅरिस येथे त्याचे पेटंट मिळविले. वाद्य पितळेचे असले, तरी ते बिगुलाच्या जातीचे नव्हे. सनईप्रमाणे तेही रीडवर, म्हणजे बोरूच्या जातीच्या गवतापासून तासलेल्या पत्तीवर वाजते. सनईत दोन पत्त्या एकमेकींवर आपटतात. सॅक्सोफोनात एकच पत्ती असते आणि ती माउथपीसच्या सपाट बैठकीवर पट्टीने आवळून बसवितात. या कुळात सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन अशी लहानमोठी भावंडे आहेत. बॅरिटोन हा आल्टोच्या बरोबर एक सप्तक खाली बोलतो. त्याची नळी सरळ केली तर सात-आठ फूट भरेल, म्हणून वरच्या बाजूस तिला वेटोळे दिलेले असते.

ही नळी बासरीसारखी सर्वत्र सारख्या व्यासाची नसते. ती शंकूच्या आकाराची असते. वर निमुळती आणि खाली रुंद. भूमितीच्या तासाला शंकूचे टोक कापलेली आकृती फळ्यावर काढतात, तीच येथे डोळ्यांपुढे आणावी. सूर अचूक लागण्यासाठी शंकू टोकापर्यंत पूर्ण असावयास हवा; पण सुईच्या अग्रासारख्या टोकात फुंकणार कसे? म्हणून टोक कापावेच लागते. कापून टाकलेल्या त्या टोकात जितकी हवा मावली असती, साधारणतः तितकीच हवा माउथपीसच्या पोकळीत मावली पाहिजे. पत्तीच्या लवचिकपणामुळे या हिशेबात थोडी भर पडते, परंतु मूळ तत्त्व हेच. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुषिर वाद्यांचा जो सखोल अभ्यास केला, त्यात या गोष्टीचे सविस्तर विवेचन आहे. पोकळी गरजेपेक्षा लहान असली की वरचे, म्हणजे आखूड नळीतून निघणारे स्वर चढे लागतात. मोठी असली की तेच स्वर उतरतात. एवंच, माउथपीस हा वाद्याला जोडलेला अलंकार नसून वाद्याच्या नळीचाच पहिला तुकडा आहे.

पेटीतला तो काळा तुकडा कोणाचा, केव्हाचा आणि कोणत्या वाद्यासाठी केलेला, हे शोधणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

पहिली शंका अशी घ्यावी की, हा सॅक्सोफोनचाच आहे ना? बास क्लॅरिनेटचा माउथपीस आकाराने बराचसा सारखा दिसतो आणि जुन्या बँडच्या सामानात दोन्ही एकत्र मिसळलेले असतात. येथे फसण्याचे कारण नाही. क्लॅरिनेटच्या माउथपीसच्या मागील टोकावर बाहेरून बुचाची साल गुंडाळलेली असते आणि ते टोक वाद्याच्या आत शिरते. सॅक्सोफोनमध्ये बूच वाद्याच्या मानेवर असते, आणि माउथपीस पोकळ टोकाने त्यावर चढतो.

यानंतर टेनर की बॅरिटोन, हा प्रश्न येतो आणि तो अधिक नाजूक आहे. केवळ लांबीवर विसंबू नये. बॅरिटोनचा माउथपीस सामान्यतः लांब व जाड असतो हे खरे, पण धातूचे काही बॅरिटोन माउथपीस इतके सडपातळ असतात, की अनुभवी दुकानदारही त्यांना टेनरच्या खणात टाकतो. खरी साक्ष पत्ती देते. टेनरची पत्ती टोकाशी सुमारे १६ मिलिमीटर रुंद असते. बॅरिटोनची साडेसतरा ते अठराच्या घरात. माउथपीसच्या खालच्या अंगास जी लांबट खिडकी असते, तिच्या दोन्ही कडा पत्तीखाली पूर्ण झाकल्या गेल्या पाहिजेत. टेनरची पत्ती ठेवल्यावर कडा उघड्या राहत असतील आणि बॅरिटोनची पत्ती नेमकी बसत असेल, तर निर्णय झाला असे समजावे.

द्रव्याकडे वळू. अगदी आरंभीचे माउथपीस लाकडाचे असत. लाकूड ओलाव्याने फुगते, तडकते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक मिसळून ते तापविण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ साली घेतले आणि त्यांचे बंधू नेल्सन यांनी १८५१ साली त्यापासून कठीण रबर बनविण्याचे. हेच एबोनाइट. जुन्या फाउंटन पेनांमुळे ते आपल्या परिचयाचे आहे. उन्हात पडलेल्या पेनाचे काळे टोपण जसे तपकिरी-हिरवट होते, तसाच जुना माउथपीसही होतो. एबोनाइटच्या वजनात गंधकाचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक असतो, त्यामुळे अंगठ्याने जोराने घासून नाकाशी धरल्यास काडेपेटीची आठवण करून देणारा वास येतो. प्लॅस्टिकला असा वास येत नाही. काहीजण तापलेली सुई टोचून परीक्षा करतात. ती कोणी करू नये. ज्या वस्तूची ओळख पटवावयाची, तिलाच डाग देण्यात कसले शहाणपण? त्याचप्रमाणे स्वच्छतेच्या उत्साहात उकळते पाणीही वापरू नये. त्याने एबोनाइटचा रंग तत्काळ बिघडतो आणि वास कित्येक दिवस जात नाही. थंड पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड एवढ्यावर भागवावे.

अक्षरे वाचण्याची युक्ती अगदी शाळकरी आहे. खडू घेऊन पुसट कोरणीवर हलकेच फिरवावा, वरचा खडू बोटाने पुसून टाकावा आणि माउथपीस दिव्यापुढे तिरका धरावा. खोलगट भागात राहिलेल्या खडूने अक्षरे उमटतात. मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तोही उपाय येथे चालतो.

आता या अक्षरांवर किती विश्वास ठेवावा? पुरा ठेवू नये, असेच म्हणावे लागेल. अमेरिकेतील इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे एक लहानसे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते वाद्यनिर्मितीचे केंद्र बनले. कॉन आणि बुशर या दोन्ही प्रसिद्ध कंपन्या तेथल्याच. तेथेच बॅबिट नावाची कंपनी केवळ माउथपीस बनवीत आली आणि तिचा माल अनेक वेगवेगळ्या नावांनी विकला गेला. फ्रान्समध्ये आणि जर्मनीतही असे कारखाने होते. कोरा ठोकळा एकाने करावा, त्याला अखेरचा आकार दुसऱ्याने द्यावा आणि नाव तिसऱ्याचे असावे, ही या धंद्यातील रूढ रीत. त्यामुळे नाव हे विक्रेत्याचे असू शकते. उलटपक्षी, ज्यावर काहीच नाव नाही असा माउथपीस क्षुल्लक असेलच असेही नाही.

तथापि काही खुणा खरोखर बोलक्या आहेत. कॉन कंपनीच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या माउथपीसवर गरुडाचे चिन्ह आढळते. न्यूयॉर्कच्या वुडविंड कंपनीच्या मालावर ‘स्टील एबोनाइट’ असे शब्द असतात. त्यात पोलाद मुळीच नसते, केवळ कठीणपणाची जाहिरात असते. आर्नल्ड ब्रिलहार्ट यांचे हस्तिदंती रंगाचे प्लॅस्टिकचे माउथपीस ‘टोनालिन’ या नावाचे, तर पांढरी दंतपट्टी बसविलेले काळे ‘एबोलिन’ या नावाचे. त्यांवर ग्रेट नेक हे न्यूयॉर्कजवळचे गाव लिहिलेले असेल तर वस्तू आधीची, कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड असेल तर नंतरची. ऑटो लिंक यांचेही तसेच आहे. त्यांचा उद्योग प्रथम न्यूयॉर्कमध्ये होता, मग फ्लोरिडातील पोम्पानो बीच येथे गेला आणि पुढे बॅबिट कंपनीकडे आला. नाव तेच राहिले, ठिकाण मात्र बदलत गेले. संग्राहक मंडळी यांतील एकेका शब्दासाठी घासाघीस करतात, आणि गावाच्या नावापुढे ‘यू. एस. ए.’ ही अक्षरे आहेत की नाहीत यावरून किमतीत फरक पाडतात. हा सूक्ष्मपणा काहीसा अतिरेकी वाटला, तरी कालनिर्णयाला तो उपयोगी पडतो.

पेटंटचा क्रमांक कोरलेला असेल, तर तो खात्रीचा पुरावा होय. अमेरिकेतील पेटंटांचे क्रमांक ओळीने वाढत गेले आहेत. दहा लाखावा क्रमांक १९११ साली दिला गेला, वीस लाखावा १९३५ साली आणि तीस लाखावा १९६१ साली. माउथपीसवरील क्रमांक वीस लाखांच्या पुढचा असेल, तर तो १९३५ च्या आधी बनलेला असणे शक्य नाही. मात्र एवढेच सिद्ध होते. त्यानंतर किती वर्षांनी तो बनला, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. पुष्कळ लोक पेटंटचे साल हेच जन्मसाल धरतात आणि फसतात.

लंडनच्या बर्ग लार्सन यांच्या मालावरील आकडे विशेष सुबोध आहेत. ‘११०/२’ असे कोरलेले असल्यास पहिला आकडा टोकाच्या फटीचा. पत्ती आणि माउथपीस यांच्या टोकांमध्ये ११० सहस्रांश इंच, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरहून किंचित अधिक अंतर आहे, असा त्याचा अर्थ. दुसरा आकडा पोकळीचा. शून्य म्हणजे आतले छत उंच, आवाज तीक्ष्ण. तीन म्हणजे पोकळी ऐसपैस, आवाज गंभीर. इतरांनी मात्र आपापली परिभाषा चालविली. पॅरिसची सेल्मर कंपनी रोमन अक्षरे व तारा वापरते, ऑटो लिंक साधे आकडे व तारा. एकाचा पाच दुसऱ्याच्या पाचाशी जुळत नाही. जुन्या काळी गावोगावचे शेर-पायली वेगळे असत, तोच प्रकार.

आणि आकडा कोरलेला असला, तरी फट आज तितकीच आहे हे कशावरून? वादकांना अधिक मोठा आवाज हवा असे, म्हणून ते बैठकीचा उतार घासून फट वाढवून घेत. मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात असतात तशा पातळ पोलादी पट्ट्या आणि रेघा आखलेली सपाट काच एवढ्या साधनांवर हे मोजता येते. बैठक काचेवर टेकवून एकेक पट्टी आत सरकवावी आणि दोन्ही कडांवर ती सारख्याच रेघेशी थांबते का, ते पाहावे. एका बाजूला पुढे आणि दुसरीला मागे थांबत असेल, तर अकुशल हाताने घासकाम झाले आहे. बैठकीवरचे आडवेतिडवे ओरखडेही तेच सांगतात. १९२० च्या सुमाराच्या माउथपीसची फट आजच्या मानाने फारच अरुंद असे. गरुडाच्या चिन्हाचा माउथपीस आणि फट मात्र शंभर सहस्रांशांच्या पुढे, असे आढळल्यास मूळ वस्तूवर पुढे कोणीतरी हात चालविला आहे, असेच बहुधा निघते. असा माउथपीस निरुपयोगी ठरत नाही. उत्तम कारागिराने घासलेला असेल तर तो मूळपेक्षा सरस वाजतो. फक्त त्याला ‘मूळ स्थितीतील’ म्हणून विकणे अप्रामाणिकपणाचे आहे.

आतापर्यंत बाहेरचे पाहिले. खरे दर्शन मागील छिद्रातून उजेडाकडे पाहिल्यावर घडते. सॅक्सच्या कल्पनेतील पोकळी प्रशस्त आणि गोल होती. नळीच्या छिद्राहून आतला भाग रुंद, घागरीच्या पोटासारखा. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत सॅक्सोफोनचे जे वेड पसरले, त्या काळच्या कॉन व बुशर वाद्यांबरोबर असेच घागरपोटे माउथपीस येत. पुढे नृत्यगृहे मोठी झाली, वाद्यवृंद वाढले, आणि पाच सॅक्सोफोन, तुताऱ्या व ट्रॉम्बोन यांच्या कल्लोळात आपला आवाज ऐकू जावा अशी गरज निर्माण झाली. तेव्हा निर्मात्यांनी पोकळी आवळली आणि छत उंचावले. वाट अरुंद झाली की वारा जोराने घुसतो, तसा स्वर धारदार झाला. सेल्मरच्या ‘सोलोइस्ट’ या माउथपीसमध्ये मागून पाहिल्यास घोड्याच्या नालासारखा आकार दिसतो; त्याच कंपनीच्या त्यानंतरच्या ‘एस-८०’ मध्ये चौकोन दिसतो. नाव पुसले गेले तरी हा आकार पुसत नाही.

येथेही एक सावधगिरी हवी. जर्मनीत जन्मलेले विख्यात वादक सिगुर्ड राशेर (१९०७–२००१) यांनी सॅक्सच्या मूळ प्रशस्त पोकळीचा आयुष्यभर पुरस्कार केला आणि त्यांच्या परंपरेतील वादकांसाठी तशा पोकळीचे माउथपीस पुढेही बनत राहिले. म्हणून केवळ गोल पोकळी पाहून वस्तू शंभर वर्षांची आहे, असे म्हणू नये. पोकळी, द्रव्य, अक्षरे आणि फट या चौघांची साक्ष जुळली पाहिजे.

बॅरिटोनचे जुने माउथपीस कमी आढळतात, यालाही कारण आहे. नृत्यवृंदातील पाच सॅक्सोफोनांत दोन आल्टो, दोन टेनर आणि बॅरिटोन बहुधा एकच. मागणीच थोडी, तेव्हा उत्पादनही थोडे. परंतु तो एकटा सर्वांचा पाया धरून ठेवतो. ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदात हॅरी कार्नी यांनी १९२७ पासून १९७४ पर्यंत ती जागा सांभाळली. जेरी मलिगन (१९२७–१९९६) यांनी तर या अवजड वाद्याला मुख्य गायकाची जागा मिळवून दिली. त्यांचा कॉन बनावटीचा बॅरिटोन वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेला आहे. अशा नामवंतांनी जो माउथपीस वापरला त्याची किंमत एकदम चढते, आणि मग नकलाही निघतात.

ही वस्तू आपल्यापासून फार दूरची आहे असे मात्र मानू नये. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली कित्येक मुले मुंबईस येऊन हॉटेलांच्या वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटसंगीतात वाद्ये वाजवू लागली. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन वृंद वाजत होता; त्या काळापासून पॅरिस व एल्कहार्टची वाद्ये येथील वादकांच्या हाती खेळू लागली. धोबी तलावाच्या कुडांतील ट्रंका, गोव्यातील घरांचे माळे आणि लग्नाच्या बँडवाल्यांच्या कोठ्या यांत असा एखादा बॅरिटोनचा माउथपीस आजही पडून असणे अगदी संभवनीय आहे.

तो हाती आल्यास अखेरची परीक्षा वाद्यावरच घ्यावी. वाद्याच्या मानेवरील बूच आधी निरखून पाहावे. वर्षानुवर्षे माउथपीस जेथवर चढत असे तेथवर बूच दबलेले असते व तेथे एक वलय उमटलेले दिसते. पेटीतला माउथपीस त्या वलयापर्यंत सहज जाऊन थांबत असेल, तर ती दोघे एकत्र नांदत होती असे धरण्यास हरकत नाही. नवीन बूच बसविण्यापूर्वी या वलयाचे मानेच्या टोकापासूनचे अंतर मोजून ठेवावे, कारण दुरुस्तीत पहिल्याने नाहीसा होणारा पुरावा तोच. मग नवी पत्ती लावून, जाणत्या वादकाकडून मधला एखादा स्वर जुळवून घ्यावा आणि त्याच स्वराची खालची व वरची सप्तके ऐकावीत. ती जुळली आणि सर्वांत वरचे स्वरही ओठ न आवळता जागेवर लागले, तर माउथपीसवर नाव असो वा नसो, तो त्या वाद्याचा आहे. वरचे स्वर चढत असतील, तर अधिक प्रशस्त पोकळीचा माउथपीस शोधावा. आणि तो मिळेपर्यंत वाद्य मोडीत घालू नये. मोजमापे, कोरलेली अक्षरे, पोकळीचा आकार आणि बुचावरील वलयाचे अंतर एका कागदावर लिहून तो कागद माउथपीसबरोबर त्याच पेटीत ठेवावा.